अर्धी रंगवलेली विलायती

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या काकांचं प्रत्येक वाक्य ‘बोला!’ने संपायचं. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा शिवडीच्या भंगारातून त्यांनी एक जुनी विलायती टू-सीटर मोटार आणली. दुरुस्त करून विकायची होती. पुढून हिरवीगार, चकचकीत. मागून नुसता गंज. गिऱ्हाईक आलं की काका आधी तिच्या खोडीच सांगायचे. “पावसात गळते. चढावर रुसते. बोला!” गिऱ्हाईक पसार. मला तर रागच यायचा. आतून काकू ओरडायच्या, “अवो, कायतरी चांगलं पण सांगा की!”

खंडेनवमीला काकांनी गिरणीतल्यासारखीच मोटारीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात दादरचे एक गृहस्थ बघायला आले. आत बसण्याआधी त्यांनी चपला काढून ठेवल्या. काकांनी पहिल्यांदाच एकही खोड सांगितली नाही. मग म्हणाले, “आज पूजेतलं यंत्र हलवत नाहीत. उद्या दसऱ्याला घेऊन जा.”

दसऱ्याला मोटार गेली. मी म्हटलं, “काका, मागची बाजू रंगवून तरी द्यायची!”

“रंगवणार मीच. दर रविवारी आणतील, थोडं थोडं करू.” काका हसले. “पुरी करून दिली असती, तर परत कशाला आली असती? बोला!”