मुलगी नपुंसकलिंगी कशी?

गोविंदभाऊंची नि माझी पहिली भेट गोंधळातच झाली, आणि तो गोंधळ त्यांच्या पंचाहत्तरीपर्यंत पुरला आहे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. भाऊ चांद्याच्या शाळेत विज्ञान शिकवत असत. रसायनाची पुस्तकं वाचता यावीत म्हणून ते कॉलेजात जर्मन शिकले होते. मी पोंभुर्ण्याची. मला जर्मनीत नर्सिंग शिकायला जायचं होतं आणि निवडीच्या मुलाखतीत ती भाषा बोलून दाखवायची होती, म्हणून मी चांद्याला त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी 'भारतीय' हा शब्द घेतला. आपल्याकडे तो बिचारा कुणाच्याही शेजारी निमूट बसतो: भारतीय वाघ, भारतीय बाई, भारतीय गाव. तिकडे वाघ 'इंडिशर', बाई 'इंडिशे' आणि गाव 'इंडिशेस'. हे पाठ होतंय तोच वाघाच्या आधी 'डेर' हे पुल्लिंगी उपपद आलं आणि इंडिशरचा 'र' गेला. कुठे गेला, असं विचारलं तर भाऊ म्हणाले, "त्या 'डेर'नं नेला." माझं डोकं पार गरगरलं. भाऊ मात्र कधी चिडले नाहीत. 'समजलं नाही' म्हणणाऱ्याला ते आणखी जवळ बसवून घेत.

मग आली मुलगी. भारतीय मुलगी 'इंडिशेस', म्हणजे गावासारखीच नपुंसकलिंगी! मी घरी हे हसत सांगितलं आणि वडील जेवता जेवता थांबले. "तिथी पोरीले पोरगी नाई मानत, तं मी हिले धाडू काऊन?" मुलाखत तोंडावर आली होती. मी रडकुंडीला आले.

हे कळताच भाऊ पोंभुर्ण्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे बांधाबांधानं आमच्या घरी आले. वडिलांनी विचारलं, "तिथी पोरीले पोरगी काऊन नाई मानत?" भाऊ म्हणाले, "काऊन ते मलेबी नाई समजलं, दादा. पण आपण 'लेकरू' म्हणतो, ते तरी पोरगा असते का पोरगी? मंग माया कमी होते का?"

 वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ द्या. माहं लेकरू हाय ते."

मी गेले, शिकले, परत आले. विशेषणांचे शेवट मात्र अजून चुकतात. वडील गेल्यापासून मला लेकरू म्हणणारं भाऊंशिवाय कुणी उरलेलं नाही.

भाऊ, 'आयुष्य' हा शब्दही तिकडे नपुंसकलिंगीच. म्हणून तुम्हांला 'लांगेस लेबेन', दीर्घ आणि निरोगी. शेवट चुकला असेल, तर सांगायला तुम्हीच हवे आहात.