मर्टल आंटीचा पानगळीचा अंदाज

मर्टल आंटी, आडनाव एप्रिल, आमच्या रेडिओवर आली ती हरवलेल्या कुत्र्यांची माहिती वाचायला. रेडिओ म्हणजे केपटाउनच्या मिचेल्स प्लेन वस्तीतल्या एका वाचनालयामागच्या दोन खोल्या. तिथं यंत्रावर मी बसायचो, म्हणून हे सगळं मला जवळून ठाऊक आहे. आंटीची सगळी जवानी सॉल्ट रिव्हरच्या शिवणकारखान्यात गेली. कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखाना बंद पडला, तेव्हा तिचा नवरा सिरिल म्हणाला, "आता घरात बसलीस तर मला बोलून बोलून मारशील. जा, जिथं ऐकणारे जास्त आहेत तिथं बोल."

आवाज मात्र देवानं दिलेला. चर्चच्या गायनात ती खालच्या पट्टीत गायची, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायची. हरवलेली कुत्री झाली, मयतीच्या बातम्या झाल्या, आणि मग एका फेब्रुवारीत हवामान खात्याचा तिमाही अंदाज आमच्याकडे आला. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्याच्या आधीची पानगळ मार्च ते मे. समुद्राकाठच्या सगळ्या केपटाउनसाठी ही पानगळ कशी जाईल, ते त्यात लिहिलेलं. इंग्रजी असं, की वाचता वाचता मलाच झोप आली.

"दे इकडे," आंटी म्हणाली. चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि थेट आमच्या बोलीत सुरू झाली. "हे बघा माझ्या राजांनो, आग्नेयेचा वारा उन्हाळाभर राहायला आलेल्या नणंदेसारखा घरात धिंगाणा घालतोय ना? तो आता सामान बांधायला लागलाय. एप्रिलमध्ये दिवस कसे शांत, उबदार. ब्लँकेटं धुवून घ्या."

त्या दिवसापासून पानगळीचा अंदाज तिचाच झाला. एप्रिल आडनावाच्या बाईनं एप्रिल कसा जाईल ते सांगायचं, यावर लोकांनी विनोद करून करून त्याचा चोथा केला. पण मार्च लागला की बेकरीत, टॅक्सीच्या रांगेत, सगळीकडे एकच प्रश्न. मर्टल काय म्हणाली? तिच्या शब्दावर लोक लग्नाची तारीख ठरवायचे, भिंती रंगवायला काढायचे. आंटीला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार? रस्त्यानं चालताना मान जरा जास्तच ताठ असायची तिची.

तिसऱ्या वर्षी कागदावर लिहिलं होतं, की यंदा पाऊस उशिरा सुरू होण्याची शक्यता साठ टक्के. आंटीनं माइकसमोर सांगितलं, "यंदा मे लागेपर्यंत पाऊस दारात पाऊल ठेवत नाही. छपरांची कामं निवांत करा, घाई नको."

मी काचेपलीकडून खूण केली. गाणं लावल्यावर म्हणालो, "आंटी, साठ टक्के म्हटलंय फक्त."

"अरे नेव्हिल, साठ म्हणजे पास. माझ्या शाळेत चाळीसला पास करायचे."

ईस्टर त्या वर्षी एप्रिलच्या मध्यात होता. गुड फ्रायडेला घराघरांत हळद आणि कांदा घालून व्हिनेगरात मुरवलेला मासा तयार होता, बन भाजून झाले होते. दुपारच्या प्रार्थनेहून लोक घरी येतात न येतात तोच वायव्येकडून आभाळ काळं झालं. संध्याकाळपर्यंत वारा असा सुटला, की आमच्या गल्लीतले पत्रे पत्त्यांसारखे फडफडायला लागले. मागोमाग पाऊस. ज्यांनी छपरं निवांत ठेवली होती, त्यांची स्वयंपाकघरं वाहायला लागली.

शनिवारी सकाळी पाऊस थोडा थांबला, तशी पलीकडच्या गल्लीतली गर्टी यान्चीस आंटीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात बादली, केस ओले, पायांत नवऱ्याचे बूट. मी आंटीकडे गटाराचं झाकण उचलायला गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं.

"मर्टल! बाहेर ये! तुझा उशिरा येणारा पाऊस माझ्या गादीवर झोपलाय. त्याला उठव आणि घरी घेऊन जा!"

"गर्टी, आत तर ये आधी."

"आत कशाला? तुझं घर कोरडं आहे ते बघायला? हो, तुझं कोरडंच असणार. तुझ्या सिरिलनं जानेवारीतच डांबर लावलं. लोकांना सांगायचं निवांत करा, आणि स्वतः?"

सिरिल दारात आला. "मी तिचं ऐकतच नाही गं, गर्टी. सत्तावीस वर्षांची सवय आहे."

दुसऱ्या कुठल्या दिवशी गर्टी हसली असती. त्या दिवशी हसली नाही. आंटीसुद्धा नाही. ती एप्रन सोडत म्हणाली, "चल. दाखव मला."

गर्टीच्या घराचं छत एका कोपऱ्यात खाली आलं होतं. मुलगी जोव्हीटा पाणी उपसत होती. आंटीनं गादीवर हात दाबून बघितला. बोटांमधून पाणी वर आलं. "माझी चूक," ती म्हणाली. "हवामान खात्यानं असं सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं." गर्टीनं हातातली बादली खाली ठेवली.

दुपारपर्यंत सिरिल आणि मी तिच्या पत्र्यावर चढलो होतो. खाली आंटी दोरी धरून, शिवाय सूचना देत. गर्टी आणि जोव्हीटा त्या रात्री एप्रिलांकडेच जेवल्या, झोपल्या. माशाचं भांडं रिकामं झालं. निघताना गर्टी म्हणाली, "मासा बरा होता. साखर जास्त." म्हणजे राग पूर्ण गेला नव्हता, पण वाटेला लागला होता.

सुट्ट्या संपल्यावर आंटीनं हवामान खात्यात फोन लावला. पलीकडे नोलुबाबालो नावाची मुलगी होती. गोड बोलायची, आणि वेळ होता तिच्याकडे. आंटीनं फोनचा स्पीकर लावून मला ऐकवलं. "मम्मा," ती मुलगी थोरामोठ्या बाईला म्हणतात तसं आदरानं म्हणाली, "अशा दहा पानगळी समजा. त्यांतल्या सहांत पाऊस उशिरा येईल, चारांत येणार नाही. यंदाची कुठली, ते आम्हालाही माहीत नसतं. मलाही आवडलं असतं माहीत असायला."

आंटीनं डोळे मिटले. मग एकदम म्हणाली, "अगं, म्हणजे आमचा डेस्मंड!"

"कोण, मम्मा?"

"माझा भाऊ. रविवारी जेवायला येतो म्हणतो."

नोलुबाबालो इतकी हसली, की पलीकडे कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारायला आलं.

बुधवारी आंटी माइकसमोर बसली. कसलीही प्रस्तावना नाही. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यामुळे काही जणांच्या गाद्या भिजल्या. माफ करा. आता साठ टक्के म्हणजे काय ते ऐका. माझा भाऊ डेस्मंड रविवारी येतो म्हणतो. दहापैकी सहा वेळा येतो. म्हणून मी बटाटे त्याच्यापुरते जास्त टाकते. पण फाटक वाजल्याशिवाय ताट वाढत नाही, आणि गॅस सिलिंडर आणायचं काम तर त्याच्या भरवशावर मुळीच ठेवत नाही. कळलं? ब्लँकेटं, रंग, सहली अंदाज बघून ठरवा. छप्पर नाही. छपराला अंदाज नसतो. साठ असो नाहीतर दहा, छप्पर मार्चमध्येच."

लगेच फोनचा दिवा लागला. मी तो फोन थेट चालू कार्यक्रमात जोडला. मला काय माहीत कोण आहे ते!

"दहापैकी सहा?" डेस्मंड ओरडत होता. "मर्टल, मी आठ वेळा तरी येतो! अख्ख्या मिचेल्स प्लेनसमोर माझी अब्रू काढतेस?"

"मग ह्या रविवारी ये. तारीख, वार, सगळं लोक ऐकतायत."

"ह्या रविवारी मला जमणार नाही."

वाचनालयातली माणसंसुद्धा हसत होती, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

बाहेर तर त्याचा असा गवगवा झाला, की लोक टक्के विसरूनच गेले. "आज पाऊस किती डेस्मंड?" असं शेजारीण शेजारणीला विचारायची. बिचारा डेस्मंड बरेच दिवस रागात होता. मग एकदा बारमध्ये कुणीतरी त्याला ओळखून बिअर पाजली, तेव्हा त्याचा राग गेला.

पुढच्या मार्चमध्ये अंदाज यायच्या आधीच आंटीनं एक शनिवार जाहीर केला. छपरांचा शनिवार. सिरिल आणि त्याच्या वयाचे चार-पाच गुडघेदुखीवाले शिडी धरायला, तरणे वर, आणि डांबराच्या डब्याशी गर्टी. त्या डब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "एकेक भेग दाखव मला," ती वरच्यांना दरडावायची, "मी बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही." दिवसअखेर सगळ्यांच्या कपड्यांवर काळे डाग, आणि अंगणात भाजलेल्या स्नूक माशाचा वास. जर्दाळूचा जॅम लावून भाजलेला. गल्लीतली एकूण एक छपरं झाली, आणि रविवारी कुणालाही हात वर करता येत नव्हता.

अंदाज आला, तर यंदा पाऊस लवकर. आंटीनं टक्के वाचले, चार वेळा डेस्मंड म्हणाली, आणि पुढं गेली. प्रत्यक्षात एप्रिल कोरडा गेला. मे उजाडला तरी आभाळ स्वच्छ, डोंगर धुतल्यासारखा लख्ख. पण आंटीला कुणी एका शब्दानं बोललं नाही. छपरं झाली होती, मग लवकर काय नि उशिरा काय.

गर्टीनं मात्र त्या कोरड्या मे महिन्याचा फायदा उठवला. जोव्हीटाचं लग्न हॉलमध्ये ठरलं होतं. ते रद्द करून तिनं ते अंगणात काढलं. आंटी म्हणाली, "अगं, पाऊस आला तर?"

"आला तर सगळे आत. माझं छप्पर तू बघितलंयस की."

त्या दिवशी वारा नव्हता. इतका नव्हता, की टेबलांवरचे कागदी रुमाल दिवसभर जागचे हलले नाहीत. लोक शर्टाच्या बाह्या वर करून नाचत होते. नवऱ्या मुलाच्या आजीला उन्हात खुर्ची हवी होती, ती दिली. मर्टल आंटी बूट काढून पायरीवर बसली होती, मांडीवर केकची बशी. गर्टी घामाघूम होऊन नाचातून बाहेर आली आणि तिच्या शेजारी धपकन बसली.

"काय दिवस आहे, नाही गं?" गर्टी म्हणाली.

"छान आहे," आंटी म्हणाली, आणि केकचा अर्धा तुकडा तिच्या हातात दिला.