हॉलमधलं चित्र

मुलुंडचा टिपणिसांचा बंगला विद्याधररावांच्या आजोबांनी बांधला, इंग्रजांच्या काळात. आजूबाजूच्या तशा बंगल्यांचे एकेक करून टॉवर झाले, पण विद्याधररावांनी बिल्डरला कधी दारात उभं केलं नाही. वाळवीने तुळया पोखरल्या तेव्हा मात्र घर दुरुस्तीला काढावं लागलं. काम होईपर्यंत ते आणि त्यांची बायको नीला भांडुपला भाड्याने राहिले. तिथेच त्यांचं विसरणं वाढलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी नीलाला स्पष्ट सांगितलं होतं. तरी ती धरून बसली होती की एकदा आपल्या घरी गेलो की हे सावरतील.

मुलगा अनय बंगळूरला. त्याचा मित्र प्रांजल इंटिरियरची कामं करायचा, त्याने घर मनापासून केलं. हिरव्या-मरून नक्षीच्या जुन्या लाद्या घासून वर काढल्या, सागवानी खिडक्या तशाच ठेवल्या, भिंतींना चुन्याचा फिकट गिलावा दिला. पहिल्या दिवशी विद्याधररावांनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "छान आहे. कुणाचं आहे?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते बूट घालून दाराशी उभे राहायचे. घरी जाऊ म्हणायचे. नीला समजवायची, खिडकीच्या गजांवरून त्यांचा हात फिरवायची, शेवटी विनवण्या करायची. एकदा तिने त्यांना गल्लीला वळसा घालून त्याच फाटकातून परत आणलं. अंगणापर्यंत चेहरा खुलला होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पुन्हा परक्यासारखे उभे राहिले.

भिंतींचंच काहीतरी आहे, असं तिने ठरवून टाकलं. पूर्वी त्या फोटोंनी, कॅलेंडरांनी भरलेल्या असायच्या. बांधून ठेवलेल्या त्या फोटोंना बुरशी लागून ते गेले होते. योग्य चित्र लागलं की त्यांना घर ओळखू येईल, हे तिच्या डोक्यातून जाईना.

प्रांजल म्हणाला, "काकू, जुन्या घराला गर्दी नको. एकच मोठं चित्र लावू, लादीतल्या रंगांना धरून." त्याने अंधेरीच्या गॅलरीतून मरून रंगाचं एक मोठं चित्र आणलं, आकृती नसलेलं. भिंतीला ते इतकं शोभलं की शेजारी बघायला आले. विद्याधरराव आयुष्यभर पाणी खात्यात इंजिनियर होते. त्यांनी चित्राला हात लावून पाहिला, आणि भिंतीत पाणी मुरतंय म्हणून खाली बादली आणून ठेवली. दिवसभर ती हलवू देईनात.

मग नीलाने कोकणातल्या पायवाटेचं चित्र लावलं. ते त्यांना आवडलं. पण संध्याकाळी बूट घालून ते त्या पायवाटेसमोर उभे राहिले, पाऊल उचललं आणि गुडघा भिंतीवर आपटला. पुढे तिने बंगल्याचं एक जुनं रेखाटन लावलं, त्याला काच होती. तिच्यात स्वतःचंच प्रतिबिंब बघून ते कुणा अनोळखी माणसाला दटावत राहिले. चित्रं यायची, परत जायची. भिंतीत खिळ्यांची भोकं वाढत गेली. प्रांजल हळूहळू फोन घ्यायला कंटाळू लागला. अनय म्हणाला, आई, चित्राने काय होणार आहे? तिने फोन ठेवून दिला.

नीलाच्या एका मैत्रिणीच्या सुनेने, घाटकोपरच्या उत्तराने, शेवटचा मार्ग सुचवला. ती स्वतः चित्रं काढायची. ओळखीचा चेहरा लावून बघू, ती म्हणाली, तैलरंगात, बिनकाचेचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, याच हॉलच्या खिडकीत बसलेल्या नीलाचा एक फोटो आल्बममध्ये वाचला होता. त्यावरून उत्तराने चित्र केलं. पिवळी साडी, मागे हिरवट उजेड. भिंतीवर चढलं तेव्हा ते पहिल्यापासून तिथेच असावं असं वाटलं.

विद्याधरराव समोर आले. बराच वेळ बघत राहिले.

"नीला," ते म्हणाले. "केव्हापासून शोधतोय तुला."

नीलाला रडू आवरेना. त्या संध्याकाळी त्यांनी बूट मागितले नाहीत. चित्रासमोर खुर्ची ओढून बसले, हळू आवाजात बोलत राहिले. ती चहा घेऊन गेली तेव्हा ते अदबीने उठले.

"बाई, तुमचे फार उपकार झाले. आता तुम्ही निघालात तरी चालेल. माझी बायको आली आहे."

ती कप घेऊन स्वयंपाकघरात परतली आणि चहा सिंकमध्ये ओतून दिला.

आठवडाभर तिने ते सोसलं. मग एका दुपारी ते झोपलेले असताना चित्र उतरवून पलंगाखाली सरकवलं. जागे झाल्यावर ते खोलीखोलीतून फिरले, कपाटं उघडली, नीला, नीला अशा हाका मारल्या. "अहो, मी आहे ना, ही काय मी," म्हणत ती मागे मागे फिरत होती. त्यांनी तिचा हात झटकला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तिने चित्र पुन्हा टांगलं. घाईत ते तिरकंच लागलं.

त्यानंतर ते जेवायला नाही म्हणाले की ती सांगायची, नीलाताईंनी बोलावलंय. मग ते निमूट येऊन बसायचे. असं सांगताना तिला स्वतःच्याच नावाचा राग यायचा.

शेवटी तिने अनयला फोन केला. "चित्र लागलं," ती म्हणाली. "घर झकास दिसतंय. पण मला एकटीला आता नाही जमत रे. तू ये."

अनय शनिवारी आला. वडिलांनी त्याला पाहुणा समजून खुर्ची दिली आणि भिंतीकडे हात केला.

"ही माझी बायको. आणि या बाई. फार सांभाळतात आम्हाला."

अनयने आईकडे पाहिलं. ती टेबलावरचे कप गोळा करत होती. त्याने ते तिच्या हातातून घेतले.