काहीच नसलेल्या पट्ट्या

कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी हातात घेण्याआधी भाऊ लोखंडी कपाटाला तळहात टेकवून क्षणभर उभे राहत. अंगातली स्थिर वीज उतरवायला. त्यांनी कारण समजावून सांगितलं होतं, पण आमच्या डोक्यात एवढंच शिरलं की भाऊंसारखा माणूस करतो म्हणजे त्यात काहीतरी असणार. महिनाभरात अख्खा ड्रॉइंग विभाग सकाळी कपाटाला हात लावून तोच हात छातीला लावू लागला. दसऱ्याला कुणीतरी कपाटाला हार घातला. भाऊ म्हणाले, "हार चालेल. फक्त ओलं कुंकू नको."

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. मी नकाशे काढायची आणि भाऊ कॉम्प्युटर सांभाळायचे. बडोद्यात मराठी माणसाला सगळे भाऊच म्हणतात, पण आमच्याकडे भाऊ म्हटलं की तेच. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत तोफेवर होते, हे नवीन माणसाला तिसऱ्या वाक्यात कळायचं.

नव्या शतकाच्या सुरुवातीला नवी मशीनं घ्यायची ठरली. तेव्हा बाजारात दोन मेमऱ्यांची चढाओढ चालली होती. एक आरडी-रॅम. महाग, वेगवान, अंगावर ॲल्युमिनियमचं कवच. दुसरी डीडीआर. स्वस्त आणि उघडीवाघडी. बाकीचे म्हणत होते, जरा थांबू. भाऊ मीटिंगमध्ये उभे राहिले.

"बाजार आरडी-रॅमकडेच वळणार आहे. दहा वर्षं कुणाला बघावं लागणार नाही. शब्द माझा."

मोठ्या साहेबांनी सही केली. सात मशीनं आली. सहा आम्हाला, एक भाऊंना.

या आरडी-रॅमचा एक नखरा होता. मशीनमध्ये तिच्यासाठी चार खाचा. दोनांत मेमरी बसायची, पण उरलेल्या दोन मोकळ्या ठेवल्या तर मशीन सुरूच व्हायचं नाही. त्यांत कोऱ्या पट्ट्या खोचाव्या लागत. दिसायला मेमरीसारख्याच, पण वर एकही चिप नाही. विजेची वाट पुरी करण्यापुरत्या.

त्याच सुमारास मोठे साहेब कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि नको असलेली प्रत्येक वस्तू कारखान्याबाहेर काढायला लागले. एक दिवस ते उघड्या मशीनपाशी थांबले.

"भाऊ, आ शुं छे?"

"कशुं नथी, साहेब. काहीच नाही."

"कशुं नथी, तो काढी नाखो."

"काढलं तर मशीन बंद पडेल, साहेब."

साहेबांना वाटलं, भाऊ चेष्टा करताहेत. त्यांनी समोर उभं राहून पट्टी काढायला लावली. मशीन गप्प. परत बसवली, मशीन सुरू. साहेबांनी हे तीनदा करून पाहिलं. मग, प्रत्येक वस्तूवर तिचा उपयोग लिहा, असा हुकूम देऊन ते निघून गेले. भाऊंनी चौदा चिठ्ठ्या चिकटवल्या: 'वस्तू – कोरी पट्टी. उपयोग – जागा भरणे.' पंधरावी चिठ्ठी आमच्या एका सहकाऱ्याच्या खुर्चीमागे सापडली. ती कुणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बाजार वळला, पण दुसरीकडे. भाऊ म्हणायचे, "थांबा, वळतोय." दोन वर्षांत दुकानांतून आरडी-रॅम नाहीशी झाली आणि नेमक्या तेव्हाच आमच्या पट्ट्या एकेक करून जाऊ लागल्या. भाऊ स्कूटरवरून सगळा बडोदा पालथा घालायचे. दुकानदार म्हणायचे, "भाऊ, ए तो हवे कोई लेतुं नथी." आता ती कुणी घेतच नव्हतं.

तरी आमची सहाही मशीनं चालू राहिली. माझं बंद पडलं की भाऊ कपाटाला हात लावून यायचे, पट्ट्या बदलायचे आणि म्हणायचे, "काढा नकाशा." पट्ट्या कुठून येतात हे मी कधी विचारलं नाही.

एकदा ते जेवायला गेले असताना मला एक फाइल हवी होती म्हणून त्यांच्या टेबलाशी गेले. बटण दाबलं, काही नाही. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. आत दोन कोऱ्या पट्ट्या तेवढ्या, मेमरीच्या दोन्ही खाचा रिकाम्या.

तेवढ्यात भाऊ आले.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सात महिने. ताई, बोलू नका कुठे."

सात महिने ते काळ्या स्क्रीनसमोर बसून कळा दाबत होते. खरं काम वहीत, सुबक अक्षरात. कारखान्यातली प्रत्येक केबल त्या वहीत काढलेली होती.

मी बोलले नाही. पण पुढच्याच आठवड्यात मोठे साहेब एक यादी मागायला आले आणि भाऊंनी निमूट वही पुढे केली. साहेबांनी वही पाहिली, स्क्रीन पाहिला. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो.

"मने कह्युं केम नहीं?"

"कसं सांगणार? मी शब्द दिला होता, साहेब. मशीन कमी पडणार असेल तर माझं आधी."

साहेबांनी खुर्ची ओढली.

"शब्द तमारो. पण सही तो मारी हती ने."

दिवाळीनंतर नवी मशीनं आली, डीडीआरची. भाऊंनी ती स्वतः बसवली आणि बाजाराबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. मागच्या वर्षी अकोटा भागातल्या त्यांच्या घरी भाऊ वारले, तेव्हा मोठे साहेब काठी टेकत आले होते.

मला भाऊ आठवतात ते त्या दुपारचे. साहेबांनी दोन चहा मागवले होते. दोघं बंद स्क्रीनसमोर शेजारी शेजारी बसून चहा पीत होते आणि साहेब मधूनच, लागलं तर लागलं म्हणून, माउस हलवून बघत होते.