त्याच्या वाटचा पेढा

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वरवट बकालच्या शाळेतून रजा काढून मी दर सोमवारी खामगावच्या दवाखान्यात जायचो. नडगीच्या हाडात पू झाला होता आणि पेनिसिलिनच्या सुया घेऊनही हटत नव्हता.

पट्टी करणारा ड्रेसर ठरलेला. जुनी पट्टी सोडली की तो आधी तिचा वास घ्यायचा, मग जखम बघायचा. माझ्याशी कमी, नडगीशीच जास्त बोलायचा. "काऊन वं, अजून रडूनच राह्यली?"

एकदा जखमेचं तोंड मिटलं. मी पेढे नेले, सगळ्यांनी खाल्ले. त्यानं मात्र नडगीवरून अंगठा दाबत नेला. एका जागी मी कळवळलो. त्यानं आपला पेढा कागदात बांधून कापसाच्या डब्यामागे ठेवला.

"वरून मिटलं, गुरुजी. जंतूनं आत हाडाचा तुकडा मारला. त्या मेल्या हाडात रक्त जात नाही, मंग दवाई कशी जाईन? तो तुकडा निंघू द्या, मंग खातो."

मला रागच आला. माणसानं निदान तोंड तरी गोड करावं!

तीन आठवड्यांनी ताप भरला, जखम पुन्हा फुटली. मी मान खाली घालून बाकावर बसलो. त्यानं पट्टी सोडली. वास घेतला, चिमटा घातला आणि नखाएवढं करडं हाड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मग हात धुतले, डब्यामागची पुडी सोडली आणि तो दगड झालेला पेढा उभ्यानंच चावत पुढच्या माणसाला हाक मारली.