भरल्या टाकीनं बर्फाकडे

टूनगॅबीच्या पेट्रोल पंपावर आज सकाळी माझ्यापुढे एक गाडी उभी होती. टपावर स्कीच्या लांबलचक पट्ट्या बांधलेल्या आणि मागच्या काचेला आतून दोन पोरांची नाकं चिकटलेली. गाडी दक्षिणेकडच्या डोंगरात बर्फावर निघाली होती हे कळायला ज्योतिषी नको. जुलै लागला की सिडनीत अशा गाड्या दिसू लागतात, आपल्याकडे मे महिन्यात टपावर गाद्या बांधून गावी निघालेल्या गाड्या दिसायच्या तशा. ती गाडी गेली आणि मी हातात डिझेलची नळी धरून नुसताच उभा राहिलो. मागच्यानं हॉर्न दिला, तोही इथल्या रीतीप्रमाणे अगदी लाजत लाजत. थंड हवेत डिझेलचा वास जरा जास्तच रेंगाळतो. त्या वासानं मी दोन हिवाळे मागे गेलो, आणि खरं सांगायचं तर तिथं जाऊन पुन्हा दमलो.

आमची मुलगी सात वर्षांची असताना तिच्या वर्गातली कुणीतरी बर्फ पाहून आली. हिनं दप्तर टाकायच्या आत जाहीर केलं, "बाबा, वी आर गोइंग टू द स्नो." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." तुम्हीही कधीतरी कुणाला तरी 'पुढच्या वर्षी' म्हटलं असेलच, म्हणून तुमच्यापासून लपवत नाही. मग पुढच्या वर्षी माझी शिफ्ट बदलली, त्याच्या पुढच्या वर्षी गावाहून आईबाबा आले, मग बायकोची पाठ धरली. पोरगी बारा वर्षांची झाली, सतरा वर्षांची झाली, तिनं विचारणं सोडून दिलं. मी मात्र दर जुलैत ते वाक्य मनातल्या मनात म्हणत राहिलो. युनिव्हर्सिटी संपली आणि तिला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. डार्विन, म्हणजे जिथं थंडीचा स्वेटर दुकानात मागितला तर दुकानदार कपाळाला हात लावून ताप बघेल. सोमवारी सकाळचं विमान होतं. शुक्रवारी मी म्हणालो, "चल, उद्या निघू. रविवारचा दिवस बर्फात, संध्याकाळी परत." ती माझ्याकडे बघत राहिली. "सीरियसली?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तिनं पंधरा मिनिटांत बॅग भरली.

आता मला माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मी वसईत वाढलो. नळाला पाणी पहाटे तासभर यायचं, कधी तेही नाही. त्या तासात घरातलं प्रत्येक भांडं भरायचं: पिंप, कळशी, बादली, शेवटी वाट्यासुद्धा. रिकामं भांडं दिसलं की माझ्या वडिलांचा जीव कासावीस व्हायचा. तो वारसा मी या देशात गाडीच्या टाकीवर चालवतो. टूनगॅबीहून टाकी काठोकाठ भरून निघालो. गोलबर्नला चहाला थांबलो तेव्हा काटा पाऊणवर होता. पाऊण म्हणजे आमच्या घरात रिकामीच. भरली. कॅनबेराच्या पुढे डोंगर दिसायला लागले, परका मुलूख म्हणून पुन्हा भरली.

कूमा गावात पंपावर मोठा फलक होता, अल्पाइन डिझेलचा. मुलीनं फोनवर वाचून सांगितलं, "बाबा, इथलं डिझेल वेगळं असतं. नॉर्मलवालं रात्री थंडीत घट्ट होतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून यायचं आणि हे भरायचं, असं लिहिलंय."

"अगं, डोंगरावर चहा महाग विकतात ना, तसला प्रकार आहे हा."

"बाबा, प्लीज."

"टाकीत जागाच नाहीये. आणि गाडी माझी आहे, मी ओळखतो तिला."

तिनं फोन बंद केला. वाद न घालण्याची तिची एक पद्धत आहे. ती आईकडून आलेली आहे आणि माझ्यावर कायम चालते. त्या दिवशीच चालली नाही.

रविवारी सकाळी जिंडाबाइनच्या मोटेलबाहेर गाडी पांढरीशुभ्र झाली होती. गवताची पाती काचेची झाली होती, तळ्यावरून वाफ उठत होती, आणि मी नाटकाच्या तिसऱ्या अंकातल्या नायकाच्या ऐटीत चावी फिरवली. गाडी चालू झाली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा गप्प. मुलगी भाड्यानं घेतलेले बूट मांडीवर ठेवून शेजारी बसली होती. साडेनऊला तिचा स्कीचा धडा होता. ती बुटांची बकलं उघडत आणि लावत राहिली. मला चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

मोटेलचा म्हातारा मालक चहाचा मग घेऊन आला. "डिझेल कुठं भरलंस, मेट?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली, अशी की अशी माणसं त्याला दर रविवारी भेटतात. "नो वरीज. ऊन वर आलं की सुटेल. जेवणापर्यंत."

बर्फाकडे जाणारी बस पहाटेच निघून गेली होती. शेजारच्या खोलीतलं जोडपं डोंगरावर निघत होतं, त्यांच्या गाडीत सामानाच्या पसाऱ्यातून कशीबशी एक जागा होती. एकच.

"मी नाही जात," मुलगी म्हणाली. "आपण दोघं जाणार होतो."

"तू जा. सुरू झाली की मी आलोच मागून."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती गेली. मी बॉनेटवर मोटेलचं ब्लँकेट पांघरलं, ताप आलेल्या माणसाला पांघरतात तसं, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. ऊन यायचं, ढग यायचा. बसल्या बसल्या लक्षात आलं की पंधरा वर्षांत मी इतका वेळ रिकामा बसलोच नव्हतो. शिफ्ट, ओव्हरटाइम, मोठं घर, मोठी गाडी. वेळ मिळेल तिथं काही ना काही भरत आलो, आणि जिच्यासाठी थोडी जागा ठेवायची होती ती तिकडे डोंगरावर एकटीच उभी होती. गाडी सुरू झाली तेव्हा दोन वाजले होते. मी फाटकाबाहेर काढतोय तोवर समोरून ते जोडपं येताना दिसलं, मागच्या सीटवरून ती हात हलवत होती.

घरी परतताना ती बोलत होती आणि मी चालवत होतो. एरवी आमच्या घरात बोलतो मी आणि ऐकतात बाकीचे. तिचं नाक उन्हानं लाल झालं होतं. ती कशी पडली, कशी उठली, शेवटी उतारावरून न पडता खाली कशी आली, ते तिनं दोन्ही हात स्कीसारखे पुढे धरून दाखवलं. मी मध्येमध्ये विचारत राहिलो, "मग?" कॅनबेराच्या आसपास ती एका वाक्याच्या मध्येच झोपली. ते वाक्य काय होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

ही गोष्ट मी चारचौघांत अनेकदा सांगितली आहे, पण अशी नाही. माझ्या गोष्टीत गाडी दहालाच सुरू होते. मी फुगीर पँट घालून उताराच्या पायथ्याशी उभा असतो, ती पडते, मी धावतो. लोक पोट धरून हसतात. गेल्या महिन्यात पेंडल हिलचे मित्र जेवायला आले होते. गोष्ट रंगात आली होती आणि बायको टेबलाच्या टोकाला फोन ठेवून डार्विनशी बोलत होती. स्पीकर चालू आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी नेमका धावण्यापर्यंत आलो आणि फोनमधून आवाज आला, "बाबा."

मी थांबलो. मला वाटलं, संपलं.

"मला उचलताना तू पण पडलास ना? बाबा ऑलवेज स्किप्स दॅट पार्ट."

सगळे हसले. मग मी कसा पडलो ते सांगितलं, अगदी तपशीलवार. ती तिकडून भर घालत होती.

त्या डोंगरावर मी पाय ठेवलेला नाही, आणि आता ठेवीन असंही वाटत नाही. गुडघ्यांनी राजीनामे दिले आहेत. खरं काय घडलं ते आम्हां दोघांनाच माहीत आहे, पुढे कधीतरी ते तिला एकटीलाच माहीत असेल. हिवाळ्यात माझा डावा गुडघा ठणकतो. कुणी विचारलं, तर मी सांगतो, मुलीला उचलताना बर्फात पडलो होतो.