पहिला पॅरा कापणाऱ्या दीदी

कुठलंही प्रसिद्धिपत्रक हातात आलं, की त्या ते वाचायच्या आधीच पहिल्या परिच्छेदावर आडवी रेघ ओढत. "हा पॅरा मालकाचा," त्या म्हणत. "बातमी दुसऱ्यापासून सुरू होते."

मी लिहिलेल्या पहिल्याच पत्रकाचं असं झालं. मालकांच्या कुशल नेतृत्वाबद्दलच्या माझ्या चार सुंदर ओळी गेल्या आणि खाली उरलं ते एकच वाक्य: सिलतऱ्याच्या कारखान्यात कामगारांसाठी दवाखाना सुरू होत आहे. मी हिरमुसलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काहून रे बाबू, तोंड पाडून बसला? मले सांग, तू कोणासाठी लिहून राहिला? सेठसाठी की वाचणाऱ्यासाठी?"

त्या चौबे कॉलोनीत राहत. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कारखान्याच्या फाटकावर छत्तीसगढी बोलत. पोलादासाठी लागणारं स्पंज आयर्न बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्या जनसंपर्क अधिकारी होत्या आणि मी त्यांचा मदतनीस. मालकापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना दीदीच म्हणत.

छत्तीसगढ राज्य नुकतंच झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून तिथे नवं नाव रंगवलं जात होतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं. रोज नवं वर्तमानपत्र, नवा वार्ताहर. बाकीचे कारखानदार हॉटेलात पत्रकार परिषद घेत आणि जाताना प्रत्येकाच्या हातात भेटवस्तूची पिशवी देत. दीदी पिशवी देत नसत. त्या स्वतःच वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जात, तेही दुपारी, अंकाची घाई सुरू व्हायच्या आत. बातमी असो वा नसो. कोणाचं लग्न ठरलं, कोण कुठल्या विषयावर लिहितो, सगळं त्यांना ठाऊक असे.

"काम पडल्यावर ओळख काढाले गेलं, तर माणूस समजते हा मतलबी हाय," त्या मला सांगत. "ओळख आधी पाहिजे, काम मागून."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गोड बोलून सगळ्यांशी जुळवून घेणारी. मीही दीदींना त्यांतलंच समजत होतो, ती हिवाळ्यातली सकाळ येईपर्यंत.

त्या सकाळी एका वार्ताहराचा फोन आला. उंच, किडकिडीत, कायम वैतागलेला तो तरुण सगळ्या कारखान्यांच्या मागे लागलेला असे. आमच्या धुराड्यामुळे शेजारच्या पाऱ्यावर, म्हणजे कारखान्याला लागून असलेल्या वस्तीवर, काळी धूळ पडते, छतावर वाळत घातलेलं सगळं काळं होतं, असं त्याचं म्हणणं. कंपनीला काय सांगायचं आहे?

मालकांनी लगेच फर्मान सोडलं. आरोप निराधार आहेत असं लिहून पाठवा आणि त्या पेपरला अर्ध्या पानाची जाहिरात द्या.

दीदी आधी भट्टीवर गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या पदरावर काजळी होती. धूळ धरणारं यंत्र बंद पडलं होतं आणि भट्टी तशीच चालू होती. मालकांच्या खोलीत मी त्यांच्या मागे उभा होतो.

"निराधार नहीं लिखूँगी, सेठजी."

"दीदी, तनख्वाह कौन देता है आपको?"

"आप देते हो. इसीलिए तो बता रही हूँ. आज झूठ छपेगा, कल सुबह छत फिर काली होगी. तब क्या लिखेंगे?"

मला वाटलं, संपलं. दीदींची नोकरी गेली आणि माझीही. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पाठीमागे त्यांचे हात पदराचं काजळलेलं टोक पिळत होते. ते फक्त मला दिसत होते. त्यांचं घर त्याच पगारावर चालत होतं. नवरा लवकर गेला होता आणि मुलगी शिकत होती.

"एक बार पारे में चलके देख लीजिए," त्या म्हणाल्या. "फिर जो बोलोगे."

मालक का उठले, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांच्याशी असं कोणी बोललंच नसेल. पाऱ्यात एका म्हातारीने सुपात वाळत घातलेली बरी, म्हणजे आपले सांडगे, त्यांच्यासमोर धरली. पांढरी असायला हवी होती. ती राखाडी झाली होती.

"देख लव साहेब, ए हमर बरी आय. खाहू का?"

मालकांनी एक बरी उचलली, बोटांनी चोळली, आणि काळी झालेली बोटं पाहत राहिले. मग खाटेवर बसले. तिथूनच म्हणाले, "पत्रकारों को यहीं बुला लो."

त्या दुपारी पत्रकार परिषद तिथेच झाली, खाटेवर. पिशवी नाही, पुष्पगुच्छ नाही. दीदींनी मालकांना एवढंच बजावलं होतं, की जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. मालकांनी सांगितलं: यंत्र बंद आहे, चूक आमची, दुरुस्त होईपर्यंत भट्टी बंद राहील.

दुसऱ्या दिवशी मथळे काही प्रेमळ नव्हते. मालकांनी पेपर टेबलावर आपटला. दीदींनी तो उचलून त्याची नीट घडी केली.

"खबर बुरी है, पर सच्ची है. ऐसी खबर का दूसरा दिन अच्छा होता है."

तो दुसरा दिवस यायला बरेच आठवडे लागले. यंत्र सुरू झालं तेव्हा मी उत्साहाने पत्रक लिहायला बसलो. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आता आपण नाही बोलायचं. पेपरवाल्यायले येऊन पाहू दे."

त्यांनी फोन करून फक्त एवढंच सांगितलं, की येऊन बघा, आम्ही सोबत येणार नाही. तो वैतागलेला वार्ताहर एकटा गेला, दिवसभर पाऱ्यात बसला, आणि आता बरी पांढरीच राहते हे त्याने म्हातारीच्या तोंडून असं लिहिलं, की त्यासारखं एक वाक्यही मला साधलं नसतं. त्यानंतर मालक कुठलाही मोठा निर्णय घेण्याआधी विचारू लागले, "दीदी क्या बोलती हैं?"

पुढे काही वर्षांनी नागपूरच्या एका महाविद्यालयाने त्यांना जनसंपर्क शिकवायला बोलावलं. मुलीलाही तिकडेच नोकरी लागली होती. त्या गेल्या. जाताना एखाद्या शाळकरी पोट्टीसारख्या खूश होत्या.

स्टेशनवर मी सामान घेऊन गेलो, तर फलाटावर आधीच गर्दी. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या वर्तमानपत्रांची माणसं एकत्र उभी होती, आमच्याविरुद्ध सगळ्यात जास्त लिहिलेला तो किडकिडीत वार्ताहरही. गाडी हलायला लागली तसा तो खिडकीशी चालू लागला.

"दीदी, अब सच किससे पूछेंगे?"

खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच होता.

मी ओशाळून उभा राहिलो. त्या वार्ताहराने मला खालून वर न्याहाळलं, खिशातून पेन काढलं आणि माझा नंबर तळहातावर लिहून घेतला.

"सुबह-सुबह भी फोन उठाओगे?"

"हव," मी मान डोलावत म्हणालो.